सहा नंबरच्या लेनवर कोण?

२ मार्च

मामा,

'प्रिय' नंतर लिहीन. आधी पाकीट न फाडता टोपलीत टाकलं नाहीस, याबद्दल थँक यू.

कागदावर का लिहितेय? फोन केला तर तू मीटिंगमध्ये असतोस. मेसेज केला तर अंगठा पाठवतोस. मेल करावा तर तिथे आधीच जगभरचे पोहणारे लोक तुझ्याशी भांडतायत. पत्राला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून पत्र. माझं अक्षर आणि माझं मराठी, दोन्हीवर हसायचं नाही. शाळेत इंग्लिशमध्ये निबंध लिहून लिहून हात वाकडा झालाय माझा.

काल पाणघड्याळाच्या, म्हणजे तुझ्या अॅपच्या, पानावर तुझी नोटीस वाचली. 'एकट्याने जमत नाही. कुणी मदतीला आलं नाही तर मेअखेर बंद.' बस. ना पाल्हाळ, ना रडगाणं. अगदी आईसारखं. (सॉरी. आईचं नाव काढायचं नाही असं ठरवून बसले होते. पहिल्याच पानावर आउट.)

मामा, तू असं कसं बंद करू शकतोस? तुझ्या अॅपवर कुठकुठचे क्लब शर्यती घेतात! आमच्या पोहण्याच्या क्लबची स्पर्धा मेच्या दुसऱ्या रविवारी आहे, आणि क्लबकडच्या जुन्या हातातल्या घड्याळांपैकी एकसुद्धा धड नाही. एक तर उलटं चालतं. गेटवरचे काका म्हणतात, ते ठेवा, वय कमी होतं.

दोन वर्षांपूर्वीचं मी काही बोलणार नाही. स्पर्धेच्या सकाळीच तू नवीन व्हर्जन टाकलंस, स्टार्टचं बटण वरून खाली गेलं, पहिल्या शर्यतीची वेळच लागली नाही, आणि आई तुला जे बोलली ते माईक चालू असल्यामुळे अख्ख्या गॅलरीने ऐकलं. "माणसांना विचारायची सवयच नाही तुला!" हे सगळं मी बोलणार नाहीच. फक्त एवढंच सांगते, माईक चालू आहे हे तिला खरंच माहीत नव्हतं.

आणि गेल्या वर्षी स्पर्धेत क्लबची कोच म्हणून तिने सहा नंबरची लेन बंद ठेवली. तू वेळ घेत उभा राहायचास ती, तुझी लेन. म्हणाली, तळाची टाइल निघालीय. मी बुडी मारून बघितलं. टाइल शाबूत आहे.

मुद्दा हा, की मला मदत करायचीय. मला कोडिंग येत नाही. एक कोर्स केला होता, त्यातून सर्टिफिकेट सोडून काही हाती लागलं नाही. तुझ्या पानावर 'मदत कशी करावी' असं लिहिलंय, मी खुशीत क्लिक केलं, तर आत कोरं! मामा, दार सताड उघडं आणि आत बसायला साधी खुर्ची नाही? कोड न येणारी माणसं काय करू शकतात, ते तरी लिही. नाहीतर मी माझ्या मनाने करेन. आणि माझ्या मनाचं तुला माहितीये.

तुझी,
बेडूक

१४ मार्च

मामा,

उत्तर आलं! पाच शब्द. 'वापरून बघ. मोडलं तर सांग.' मी नाचले. आईने विचारलं काय झालं, मी म्हटलं मैत्रिणीचा साखरपुडा. आता मैत्रीण शोधणं आलं.

तर वापरून बघितलं. तलावाच्या काठावर उभी राहिले, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात बांधला, आणि दातवाल्या डॉक्टरांना पोहायला लावलं. (आमच्या क्लबचे डेंटिस्ट. तू गेल्यावर आलेत. फुलपाखरू स्ट्रोक मारतात तेव्हा बाजूच्या दोन लेन रिकाम्या होतात.) ते भिंतीला टेकले, मी स्टॉप दाबलं, काही नाही. परत दाबलं, काही नाही. मग ते बाहेर आले, अंग पुसलं, चष्मा घातला, आणि तेव्हा घड्याळ आपोआप थांबलं.

"माझी वेळ काय आली?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्ही मधे जेवून आलात असं म्हणतंय," मी म्हटलं.

मामा, ओलं बोट! स्क्रीनला ओलं बोट कळतच नाही. कधी कळत नाही, कधी पाण्याचा थेंब पडला तरी बोट समजतं. तू कोरड्या खोलीत बसून हे केलंस, तुला कसं दिसणार? आवाज कमी-जास्त करायचं ते बाजूचं बटण आहे ना, ते खरंखुरं दाबता येतं. पिशवीतूनही. त्याने घड्याळ थांबवता येईल का?

हे मी पानावर तक्रार म्हणून टाकायला गेले, तर तिथे रकानेच रकाने. फोन कुठला, व्हर्जन कुठलं, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. सगळे भरले. शेवटचा रकाना मस्त होता. 'काय झालं': डॉक्टर चिडले.

आईचा यात काही संबंध नाही. पिशवीची गाठ तिने बांधली, पण ती कुणाच्याही पिशवीची बांधते. आणि तिच्या तोंडी अजून तोच एक शब्द. चांगलं पोहलो तरी "पुन्हा", वाईट पोहलो तरी "पुन्हा". तुलाही तिनेच शिकवलं ना पोहायला? तेव्हा तरी कधी 'छान' म्हणाली होती का? की तुलाही पुन्हाच?

रविवारी सगळ्या क्लबला सांगणार आहे. तुला मदत हवी होती ना? आता बघच तू.

बेडूक

२२ मार्च

मामा मामा मामा,

सॉरी. कान पकडलेत. एका हाताने पकडलेत, दुसऱ्याने लिहितेय.

तुला वाटलं असेल कुणीतरी हल्ला केला. नाही रे, ते आम्हीच होतो.

झालं असं. रविवारी सकाळी सगळे जमले. मी बाकावर उभी राहून भाषण ठोकलं. ओपन सोर्स म्हणजे काय, कोड सगळ्यांसाठी उघडा असतो, कुणीही सुधारू शकतं, सगळ्यांनी मिळून करायचं असतं, आणि आपल्या माणसाने बनवलेलं अॅप बंद पडतंय. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मग मी ओल्या बोटाची तक्रार कशी टाकली ते फोनवर दाखवलं, आणि म्हटलं, "आता तुम्हीही हातभार लावा."

तुला आईचा नियम आठवतो ना? भिंतीला हात ज्याचा त्याने लावायचा. पुढचा पोचला म्हणून मागच्याचं पोहणं पूर्ण होत नाही. लहानपणापासून आमच्या डोक्यात हेच भरलंय. त्यामुळे प्रत्येकाने घरी जाऊन इमानदारीत ओल्या बोटाची तक्रार टाकली. तीच. शब्द न् शब्द. 'डॉक्टर चिडले' सकट. चाळीसेक जणांनी! डॉक्टरांनी स्वतःसुद्धा टाकली, 'मी चिडलो' अशी.

संध्याकाळी बघते तर तू पानाला कुलूप ठोकलेलं. 'अनोळखी लोकांच्या तक्रारी सध्या बंद. हेच व्हायचं बाकी होतं.'  मदतीला गेले आणि तुझ्याच डोक्यावर बसले. तू मेअखेरची वाट न बघता उद्याच बंद करशील असं वाटलं.

आणि मग आईला हा तक्रारींचा गोंधळ कळला. गेटवरच्या काकांनी सांगितलं. त्यांना वाटलं तिला माहीत असेल, कारण तक्रार त्यांनीही टाकली होती.

मी ओरडा खायची तयारी करून उभी. तिने सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "तो अजून एकटाच करतो का हे?"

"हो."

"हं," म्हणाली, आणि पोरांच्या पोहायच्या फळ्या मोजायला गेली. फळ्या तिने आधीच मोजल्या होत्या.

कुलूप काढ ना रे. आम्ही माणसं वाईट नाही. फक्त शिस्तीची आहोत.

बेडूक

५ एप्रिल

मामा,

कुलूप काढलंस! आणि खाली लिहिलंस, 'डॉक्टरांना सांगा, बाजूच्या बटणाचं काम झालं.' डॉक्टरांनी ते वाक्य दवाखान्यात भिंतीवर लावलंय. पेशंटना वाटतं कसलंतरी औषध आहे.

आता आमची गाडी रुळावर आलीय. त्याचं क्रेडिट उलट्या मावशीला. आमच्या क्लबात एक लायब्ररियन येतात, त्या फक्त पाठीवर पोहतात. पालथं पोहलं की माणसं दिसत नाहीत म्हणे. त्यांनी माझा पराक्रम ऐकला आणि म्हणाल्या, "अगं, एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती एका कपाटात कोंबल्यास तर वाचणारा पळूनच जाणार. आधी बघायचं, कुणी आधीच सांगितलंय का. सांगितलं असेल तर त्याच्याखाली आपलं जे नवीन असेल तेवढंच लिहायचं."

"आणि नवीन काही नसेल तर?"

"तर पोहायचं."

मग त्यांनीच तुझ्या पानावरच्या जुन्या तक्रारी लावायला घेतल्या. सारख्या असतील त्या एकत्र, सुटलेल्या असतील त्या बाजूला, आणि जिथे माणूस नुसता वैतागलाय तिथे डॉक्टरांना हाक. डॉक्टर म्हणजे कमाल आहेत, मामा! परवा कुठल्यातरी देशातून एकाने लिहिलं, तुमचं अॅप भिकार आहे. डॉक्टरांनी उत्तर दिलं, "वाईट वाटलं. नक्की कुठे दुखतंय? कधीपासून? गार पाण्यात जास्त होतं का?" तो माणूस चक्क शांत झाला. त्याचा फोन खरंच गार पाण्यात बंद पडत होता. आता रोज डॉक्टरांना गुड मॉर्निंग पाठवतो.

मी मदतीची पानं लिहितेय. तू लिहिलेलं वाचलं, मामा, आणि मला झोप आली. 'आरंभापूर्वी लेन निश्चित कराव्यात.' हे कोण बोलतं? मी लिहिलं, 'आधी सांगा लेन किती. मग फोन पिशवीत. मग शिट्टी.' काकांना वाचायला दिलं. त्यांनी वाचून, कुणाला काही न विचारता, सहा फोन लावून दाखवले. सातव्याला चार्जिंग नव्हतं, नाहीतर तोही लावला असता. ते पान तू जसंच्या तसं घेतलंस! खाली माझं नावसुद्धा टाकलंस, 'बेडूक'. कोडची एक ओळ न लिहिता मी पाणघड्याळात आहे. मी हे दिवसातून किती वेळा बघते ते सांगणार नाही.

'मदत कशी करावी'चं कोरं पानही भरतेय. पहिलं वाक्य असं आहे: 'कोड येत नसेल तर लाजू नका, आम्हालाही येत नाही.' चालेल ना?

आता कामाचं. तू लिहिलंयस की शिट्टी ऐकून घड्याळ आपोआप सुरू व्हायला हवं, म्हणजे बटणाचं भांडणच नको, पण पोरांची किंकाळी आणि शिट्टी यातला फरक फोनला कळत नाही. आणि त्याखाली, 'मला खऱ्या तलावाचे आवाज हवेत. इथे जवळपास तलाव नाही.'

मामा, तू दोन वर्षं पोहला नाहीस?

आवाज आम्ही देतो. आमच्याकडे आवाज सोडून आहे काय!

बेडूक

१९ एप्रिल

मामा,

आज जे झालं ते नीट सांगते. मधेमधे हसू येतंय, शाई पसरली तर समजून घे.

आवाजाचा कारखाना काढला होता आम्ही. उथळ टोकाला पोरांना सांगितलं, किंचाळा. एरवी 'गप्प बसा' ऐकायची सवय, त्यांना खरंच वाटेना. डॉक्टर फुलपाखरू मारत होते, काका लोखंडी गेट आपटत होते, उलट्या मावशी शॉवरखाली गाणं म्हणत होत्या. ते मागितलं नव्हतं कुणी, पण त्या म्हणाल्या, खऱ्या तलावात हेही असतं. सगळं रेकॉर्ड करून तुला पाठवलं.

राहिली शिट्टी. आम्ही सगळ्यांनी वाजवून बघितली. माझी तर कुकरसारखी येत होती. आई बाकावर बसून ऐकत होती, टोप्या घडी घालत. टोप्यांना घडी कशाला लागते? शेवटी उठली, माझ्या हातातून फोन घेतला, समोर ठेवला, आणि एकदाच वाजवली. सगळी पोरं पाण्यात सरळ उभी राहिली. सवय.

"हे पाठव," म्हणाली. "नाव घालू नकोस."

मी घातलं नाही. 'एका कोचची शिट्टी' एवढंच लिहिलं. आता कबूल करते, मामा, गेल्या महिन्यापासून तिचा संबंध आहे. पिशवी तिची. बाजूच्या बटणाची आयडिया माझी म्हणून सांगितली, ती तिची. बटण बोटाने नाही, अंगठ्याच्या मुळाने दाबा, हे मदतीच्या पानावरचं वाक्य तिचं. मला बजावलं होतं, "माझं नाव दिसलं तर तो वाचायचं सोडेल." म्हणून गप्प बसले. मला आयुष्यात इतका वेळ गप्प बसायची प्रॅक्टिस नाही.

तर आज दुपारी तुझं उत्तर आलं. त्या शिट्टीच्या खाली. मी मोठ्याने वाचायला घेतलं आणि मधेच थांबले, कारण तू एकच शब्द लिहिला होतास.

'पुन्हा.'

आईने फोन माझ्या हातातून ओढला. वाचलं. परत वाचलं. मला वाटलं आता अंगाचा तिळपापड होणार. आणि मामा, ती हसायला लागली! म्हणजे तोंडावर हात ठेवून नाही. खदाखदा. बाकावर बसली, घडी घातलेल्या टोप्या सगळ्या खाली. काका गेटवरून धावत आले, "काय झालं, कोण बुडालं?"

"गाढव आहे," आई म्हणाली. डोळे पुसत होती. "शिट्टीवरून ओळखलंन."

"वाईट आहे म्हणतोय का शिट्टी?" काकांना राग आला.

"हो," आई म्हणाली. "बरोबर म्हणतोय. वाजवताना मान डावीकडे फिरते माझी. लहानपणी मला तेच चिडवायचा."

मग उठली, मान सरळ धरली, आणि पुन्हा वाजवली.

ही दुसरी शिट्टी सोबत पाठवतेय. म्हणजे पत्रात नाही, पानावर. आणि खाली नाव घातलंय. तिनेच सांगितलं.

बेडूक

३ मे

प्रिय मामा,

बघ, लिहिलं 'प्रिय'.

नोटीस काढून टाकलीस! त्या जागी लिहिलंस, 'चालू राहील. आता एकटा नाही.' उलट्या मावशींनी ते वाचलं आणि सरळ पोहत गेल्या एक लेन. म्हणजे पालथ्या. असा दिवस परत येणार नाही म्हणतात.

पण खरी गंमत परवा झाली. क्लबच्या फोनवर नवीन व्हर्जन आलं, चाचणीचं. शिट्टीने सुरू होणारं. ते आपोआप बसलं नाही. उघडलं तर आधी एक चौकट आली: 'नवीन बदल तयार आहेत. स्पर्धेआधी घ्यायचे की नंतर, हे शिट्टी ज्याच्या हातात आहे त्याने ठरवावं.' आणि त्याखाली फक्त आमच्या फोनवर, 'ताई, चालेल का?'

मी फोन आईकडे दिला आणि मुद्दाम पाठ फिरवली. पण मामा, तलावाच्या पाण्यात सगळं दिसतं. तिने ती ओळ बोट ठेवून वाचली. मग फोन पिशवीत घातला, गाठ बांधली, आणि जोरात म्हणाली, "सगळे लेनवर! करून बघू या."

करून बघितलं. शिट्टी वाजली, सगळी घड्याळं एकदम सुरू. पोरं मुद्दाम किंचाळली, घड्याळ हललं नाही. डॉक्टर भिंतीला टेकले, मी अंगठ्याच्या मुळाने बटण दाबलं, घड्याळ थांबलं! डॉक्टरांना पहिल्यांदाच त्यांची खरी वेळ कळली. थोडे नाराज आहेत.

आईने काय उत्तर पाठवलं ते तुला माहीतच आहे. 'चालेल.' तिच्या मानाने हे भाषण झालं.

आज काका स्पर्धेसाठी वेळ घेणारी माणसं ठरवत होते. एकला उलट्या मावशी, दोनला अमका, तीनला तमका, पाचपर्यंत झालं. मग नेहमीसारखे घुटमळले. "सहा बंदच ठेवायची ना, मॅडम? ती टाइल..."

आईच्या तोंडात शिट्टी होती. तिने ती काढली.

"टाइलला काय झालंय?"

"तुम्हीच तर म्हणाला होता—"

"सहा चालू ठेवा."

"बरं. पण सहावर कोण?"

"येतोय एक जण," आई म्हणाली, आणि शिट्टी परत तोंडात घातली, म्हणजे पुढचं कुणी विचारू नये.

मामा, तिने तुला विचारलेलं नाही, हे मला कळतंय. विचारायची सवय नसणं आपल्या घरातच आहे बहुतेक. म्हणून मी विचारते. रविवारी सहा नंबरवर उभा राहशील का?

बेडूक

रविवार, सकाळ

मामा,

ही चिठ्ठी काकांच्या हातून देतेय, कारण मी वर घोषणांच्या टेबलावर अडकलेय. तू गेटमधून आत आलास ते इथून दिसलं. केस किती पांढरे झाले रे!

गेटवर पाहुण्यांचं टोकन घेऊ नकोस. चपला बाहेर. सहा नंबरची पिशवी आईच्या गळ्यात आहे, तिच्याकडूनच घ्यावी लागेल. तीही केव्हाची गेटकडे बघतेय, फक्त मान डावीकडे फिरवून, म्हणजे कुणाला कळू नये.

जा, बिनधास्त बोल. माईक बंद आहे. मी दोनदा बघितलाय.

बेडूक